थेंब एक, कोन तीन

बऱ्याच दिवसांनी लिहितेय, त्यामुळे आधी माफी. गेला पावसाळा अर्धा प्रयोगशाळेत आणि अर्धा घरी, म्हणजे गारगोटीला, गेला. घरी असताना मी जे काही करत होते त्याला आई 'वायरींचा खेळ' म्हणायची. त्या खेळाची ही गोष्ट.

आमच्या परसात अळू आहे. पाऊस थांबला की त्या पानांवर पाण्याचे गोल थेंब पाऱ्यासारखे इकडून तिकडे पळत असतात. 'अळवावरचं पाणी' हा वाक्प्रचार आपण टिकत नाही अशा गोष्टीसाठी वापरतो. माझी पीएच.डी. साधारण त्याच्यावरच आहे. काचेवर सिलिकाचा पातळ थर द्यायचा आणि त्या थरावर पाणी अळवावरच्यासारखं वागतंय का ते बघायचं. (गारगोटी म्हणजेही सिलिकाच. गावाच्या नावातच माझा विषय आहे, असं मी पाहुण्यांना सांगते. पाहुणे नुसतं हसतात.)

हे वागणं आकड्यात सांगायचं तर स्पर्शकोन मोजावा लागतो. थेंब पृष्ठभागाला जिथे टेकतो तिथे थेंबाच्या कडेला स्पर्शरेषा काढायची. ती रेषा आणि पृष्ठभाग यांच्यात, पाण्याच्या बाजूने, जो कोन होतो तो स्पर्शकोन. थॉमस यंगने १८०५ मध्ये ही कल्पना मांडली आणि आजही आम्ही तीच वापरतो. स्वच्छ काचेवर थेंब पसरतो, कोन लहान येतो. मेणावर तो ९०च्या पुढे जातो. अळू आणि कमळाच्या पानांवर १६०च्या आसपास. साधारणपणे १५० अंशांच्या वर कोन गेला आणि थेंब जरासा उतार मिळताच घरंगळला, की त्या पृष्ठभागाला सुपरहायड्रोफोबिक म्हणतात. कोल्हापुरात या विषयाची परंपरा आहे. शिवाजी विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात प्रा. ए. व्यंकटेश्वर राव यांच्या गटाने सिलिकाच्या एरोजेलवर आणि पाण्याने न भिजणाऱ्या थरांवर वर्षानुवर्षं काम केलंय. म्हणजे १५०ची ती रेघ आमच्याकडे सगळ्यांना पाठ असते.

आता गोष्टीचा पेच. एका रविवारी मी एका नमुन्यावर थेंब ठेवला. कॅमेरा तोच, थेंब तोच. कॅमेरा बघायच्या तयार सॉफ्टवेअरमधून फोटो काढून मोजला तर कोन आला १५१.४. मी स्वतः पायथनमध्ये लिहिलेल्या प्रोग्रॅममधून मोजला तर १४९.८. एक आकडा रेघेच्या अलीकडे, एक पलीकडे. मग खरा कोणता? उत्तर असं निघालं की दोन्ही चूक.

जुना कॅमेरा, गेलेला संगणक

स्पर्शकोन मोजायचं तयार यंत्र असतं. त्यात एक कॅमेरा, एक दिवा, एक सुई आणि कंपनीचं सॉफ्टवेअर. मी वापरत होते ते यंत्र बरंच जुनं. एक दिवस त्याचा संगणक कायमचा गेला. त्या संगणकातच व्हिडिओ पकडणारं कार्ड होतं, जुन्या पीसीआय खाचेत बसणारं. ते नव्या मशीनमध्ये बसत नाही. सॉफ्टवेअर त्या कार्डाशिवाय उघडत नाही. नवं यंत्र घ्यायचं तर काही लाखांचा मामला. कॅमेरा मात्र ठणठणीत होता.

सर म्हणाले, "कॅमेरा घरी घेऊन जा, काय होतंय बघ." मी एसटीत मांडीवर डबा घेऊन गारगोटीला आले.

माझा विचार सोपा होता. कॅमेऱ्यातून व्हिडिओची वायर निघते. बाजारात काहीशे रुपयांना यूएसबीची पट्टी मिळते. एका टोकाला व्हिडिओ घालायचा, दुसरं टोक लॅपटॉपला. पायथन आणि ओपनसीव्ही फुकट आहेत. संध्याकाळपर्यंत काम होईल असं वाटलं. नऊ दिवस लागले.

या नऊ दिवसांतून शिकलेली एकच गोष्ट आधी सांगते, बाकी लेख तिचा विस्तार आहे. कॅमेरा आणि प्रोग्रॅम यांच्यामध्ये चार मध्यस्थ बसलेले असतात: वायर, चिप, ड्रायव्हर आणि लायब्ररी. प्रत्येक जण तुमच्या वतीने काही ना काही ठरवतो आणि तुम्हाला सांगत नाही. कंपनीचं यंत्र घेतलं की ते सगळं कंपनीने निस्तरलेलं असतं. तुम्ही दुसऱ्याचं हार्डवेअर आणून जोडलंत की ती जबाबदारी तुमच्याकडे येते. चित्र दिसलं म्हणजे काम झालं, असं नसतं.

पहिला मध्यस्थ: वायर

कॅमेऱ्याच्या मागे बीएनसी सॉकेट होतं, गोल, पिळून बसवायचं. यूएसबी पट्टीला पिवळी आरसीए पिन. याचा जोड कुठे मिळेल? मी ऑनलाइन शोधत बसले होते आणि तो बाजारपेठेतल्या सीसीटीव्हीच्या दुकानात बरणीभर पडला होता. दुकानातल्या मुलाने विचारलं, "ताई, किती कॅमेरे बसवायचेत?" म्हटलं, एकच, एका थेंबावर नजर ठेवायला.

इथे एक सावधगिरी. हल्लीचे सीसीटीव्ही कॅमेरेही त्याच बीएनसी वायरीतून चित्र पाठवतात, पण त्यातले बरेचसे एएचडी, टीव्हीआय किंवा सीव्हीआय पद्धतीचे असतात. वायर तीच, आतला सिग्नल वेगळा. साधी पिवळ्या पिनेची पट्टी त्यांना ओळखत नाही. तसा कॅमेरा वापरायचा तर त्याच्या सेटिंगमध्ये सीव्हीबीएस हा पर्याय आहे का ते आधी बघा. माझा कॅमेरा जुना, काळा-पांढरा, साध्या सिग्नलचा, म्हणून निभावलं.

दुसरा मध्यस्थ: चिप

पट्टीसोबत एक छोटी सीडी आली होती. माझ्या लॅपटॉपला सीडी ड्राइव्हच नाही. विंडोजने पट्टी ओळखली नाही. इथे बहुतेक जण पट्टी परत करतात. पण एक लक्षात घ्या, पट्टीच्या बाहेरच्या प्लॅस्टिकवर जे नाव छापलंय त्याला फार अर्थ नसतो. दिसायला अगदी सारख्या पट्ट्यांच्या पोटात सिंटेकची एसटीके११६०, एम्पियाची ईएम२८६०, सोमॅजिकची किंवा फुशिकाईची, अशा वेगवेगळ्या चिप सापडतात. ड्रायव्हर लागतो तो चिपचा.

चिप ओळखायची कशी? प्रत्येक यूएसबी वस्तू जोडताक्षणी आपला एक क्रमांक सांगते. लिनक्समध्ये एलएसयूएसबी ही आज्ञा दिली की तो दिसतो. विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजरच्या तपशिलात हार्डवेअर आयडी म्हणून सापडतो. माझ्या पट्टीने सांगितलं ०५ई१:०४०८. ही एसटीके११६०. फुशिकाईची असती तर १बी७१:३००२ आलं असतं.

एसटीके११६०चा ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नलमध्येच आहे, २०१२ सालच्या ३.७ आवृत्तीपासून. एझेकिएल गार्सिया यांनी तो लिहिला. फुशिकाईवाल्या चिपचा ल्युबोमिर रिंटेल यांनी लिहिला, तो २०१३ मध्ये ३.११ आवृत्तीत आला. मी पेनड्राइव्हवरून उबुंटू चालू केलं, पट्टी लावली आणि कुठलीही सीडी न घालता यंत्रणेत नवीन व्हिडिओ उपकरण उगवलं. मला त्या माणसांना चहा पाजावासा वाटला.

लिनक्सची भीती वाटत असेल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे धडे मराठीतही आहेत. मी तिथूनच सुरुवात केली होती.

तिसरा मध्यस्थ: ड्रायव्हर

चित्र आलं! पण ते वर वर पळत होतं, एसटीच्या खिडकीतून झाडं पळावीत तसं. प्रोग्रॅममध्ये चूक शोधण्यात दीड दिवस गेला. शेवटी शेजारच्या गल्लीतले टीव्ही दुरुस्त करणारे काका सहज आले होते, त्यांनी पडद्याकडे एकदा बघितलं.

"होल्ड गेलाय गं पोरी. पूर्वी टीव्हीच्या मागं बटण असायचं, व्हर्टिकल होल्डचं. ते फिरवलं की चित्र थांबायचं."

काकांना पायथन माहीत नाही, पण रोग त्यांनी बरोबर ओळखला. कॅमेरा एका तालात चित्र पाठवत होता आणि पट्टी दुसऱ्याच तालाची वाट बघत होती.

जुन्या टीव्ही सिग्नलच्या दोन मोठ्या जाती. आपल्याकडे विजेचा ठेका सेकंदाला ५० वेळा, म्हणून सेकंदाला २५ चित्रं आणि प्रत्येक चित्रात ६२५ ओळी, त्यातल्या ५७६ दिसणाऱ्या. अमेरिका-जपानकडे ५२५ ओळी आणि सेकंदाला जवळजवळ ३० चित्रं. दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ ला आणि मुंबईत २ ऑक्टोबर १९७२ ला टीव्ही सुरू झाला तो ६२५ ओळींचाच. १९८२ मध्ये रंग आले ते पाल पद्धतीने. माझ्या पट्टीचं मूळ सेटिंग मात्र एनटीएससी, म्हणजे अमेरिकेचं. व्ही४एल२-सीटीएल नावाच्या छोट्या अवजाराने ते पाल केलं आणि चित्र एका जागी थांबलं. आजच्या भाषेतलं होल्डचं बटण!

कॅमेरा काळा-पांढरा असेल तरी हे करावंच लागतं. इथे प्रश्न रंगाचा नसून ओळींच्या हिशोबाचा आहे.

चौथा मध्यस्थ: लायब्ररी

ड्रायव्हर जे बिंदू देतो ते यूवायव्हीवाय नावाच्या मांडणीत येतात. दर बिंदूला उजेडाचा एक बाइट, आणि रंगाचे बाइट दोन बिंदूंत वाटून घेतलेले. म्हणजे सरासरी दोन बाइट. ओपनसीव्ही तुम्हाला न विचारता याचं तीन बाइटांचं रंगीत चित्र करून देते. थेंबाची कड शोधायला रंग लागत नाही. म्हणून मी ते रूपांतर बंद केलं आणि फक्त उजेडाचे बाइट घेतले. काम हलकं झालं आणि मधली एक अनावश्यक उलथापालथ वाचली.

हिशोब करून बघा. ७२० गुणिले ५७६ बिंदू, दोन बाइट, सेकंदाला २५ चित्रं. म्हणजे सेकंदाला सुमारे २०.७ मेगाबाइट. यूएसबी २.० वर अशा अखंड प्रवाहासाठी एका उपकरणाला जास्तीत जास्त सुमारे २४.६ मेगाबाइट मिळतात. जेमतेम बसतं. म्हणूनच एका यूएसबी मार्गावर अशा दोन पट्ट्या सहसा चालत नाहीत. तेव्हा लिनक्स म्हणतं, उपकरणावर जागा शिल्लक नाही. लोक बिचारे हार्ड डिस्कवरचे सिनेमे उडवत बसतात! जागा संपलेली असते ती यूएसबीच्या रस्त्यावर.

विंडोजवर राहणाऱ्यांसाठी एवढंच सांगते: तिथेही चाल हीच आहे. मॅटलॅबचं इमेज ॲक्विझिशन टूलबॉक्स असो की लॅबव्ह्यू, ते थेट पट्टीशी बोलत नाहीत. मध्ये डायरेक्टशो नावाचा दुभाष्या असतो. पट्टी साध्या वेबकॅमच्या सॉफ्टवेअरमध्ये दिसत नसेल तर मॅटलॅबमध्येही दिसणार नाही. तेव्हा आधी तिथे बघा, मग मॅटलॅबशी भांडा.

मग कोन तीन कसे?

आता मूळ पेचाकडे. कागदावर मी दोन्ही फोटोंचे आकार लिहिले. तयार सॉफ्टवेअरचा फोटो ६४० बाय ४८०. माझ्या प्रोग्रॅमचा ७२० बाय ५७६. पहिल्याची रुंदी उंचीच्या १.३३ पट, दुसऱ्याची १.२५ पट. कॅमेरा तर एकच. म्हणजे निदान एका फोटोत जग दाबलं गेलंय.

कारण जुनं आहे. टीव्हीचा सिग्नल आडव्या दिशेने बिंदूंमध्ये तोडलेला नसतो. एक ओळ म्हणजे एक सलग लाट. तिचे किती तुकडे करायचे ते पट्टीतली चिप ठरवते. १९८२ मध्ये आंतरराष्ट्रीय शिफारस झाली, तिला ६०१ म्हणतात: सेकंदाला १ कोटी ३५ लाख तुकडे करा. हा आकडा निवडला कारण तो ६२५ ओळींच्या आणि ५२५ ओळींच्या, दोन्ही पद्धतींच्या हिशोबात नेमका बसतो. दोन्हीकडे ओळीला ७२० बिंदू. सोयीची तडजोड. पण त्यामुळे बिंदू दोन्हीकडे चौरस राहिला नाही. आपल्या पालमध्ये चौरस बिंदू हवा असेल तर सेकंदाला १ कोटी ४७ लाख ५० हजार तुकडे करावे लागतात. दोन्हींचं गुणोत्तर ५९ भागिले ५४, म्हणजे १.०९२६. थोडक्यात, माझ्या पट्टीचा प्रत्येक बिंदू उंचीपेक्षा सव्वानऊ टक्के रुंद आहे आणि माझा प्रोग्रॅम त्याला चौरस समजत होता. थेंब आडवा दाबला जात होता.

जुन्या कार्डाची पुस्तिका नंतर खणात सापडली. तिच्यात लिहिलं होतं ७६८ बाय ५७६. ते चौरस बिंदूचं कार्ड होतं. म्हणून आमच्या आधीच्या कुणालाही या गोष्टीचा विचार करावा लागला नव्हता.

आडवं दाबल्यावर कोनाचं काय होतं? स्पर्शरेषेचा चढ त्याच पटीत वाढतो. खरा कोन १५२ असेल तर पृष्ठभागाशी उरलेला कोन २८. त्याचा टॅन ०.५३१७. त्याला १.०९२६ ने गुणलं की ०.५८१०, म्हणजे ३०.२ अंश. आणि १८० वजा ३०.२ म्हणजे १४९.८. माझ्या प्रोग्रॅमचा आकडा!

तयार सॉफ्टवेअरनेही पूर्ण बरोबर केलं नव्हतं. त्याने ७२० बिंदू सरळ ६४० मध्ये कोंबले, पण त्या ७२० मध्ये दोन्ही कडांना चौकटीबाहेरचा थोडा भाग धरलेला असतो. त्यामुळे सुमारे अडीच टक्के दाब उरतोच. त्यातून १५२चे १५१.४ होतात.

गंमत म्हणजे ही चूक सगळीकडे सारखी नाही. ९० अंशांवर ती शून्य असते. १३५ खरे असतील तर १३२.५ दिसतात. आणि ९०च्या खाली ती उलटी फिरते: ४० अंशांचा थेंब ४२.५ दाखवतो. म्हणजे भिजणारी काच आहे त्यापेक्षा कमी भिजणारी वाटते आणि न भिजणारी काच आहे त्यापेक्षा जास्त भिजणारी. सगळ्या आकड्यांत दोन अंश मिळवून टाकले असते तर आणखी घोळ झाला असता.

छर्ऱ्याची साक्ष

इथे मी थांबले. मनात एक गोष्ट टोचत होती. दुरुस्ती केली की माझा नमुना १५०ची रेघ ओलांडत होता. मला तेच हवं होतं. आपल्याला हवं ते उत्तर देणारी दुरुस्ती सापडली की तिच्यावर दुप्पट संशय घ्यायला पाहिजे. सरांना फोन केला. ते म्हणाले, "आकडा आवडला म्हणून ठेवू नकोस आणि नावडला म्हणून बदलू नकोस. ज्याला तुझ्या पीएच.डी.शी काही देणंघेणं नाही असा साक्षीदार शोध."

साक्षीदार सायकलच्या दुकानात मिळाला. बेअरिंगचा छर्रा, एक सुताचा, म्हणजे एक अष्टमांश इंच. स्क्रू गेजने मोजला तर ३.१७ मिलिमीटर, कुठूनही मोजा. पोलादी गोळा थेंबाएवढाच असतो, सुकत नाही, डगमगत नाही आणि तो गोलच असतो. मागे एलईडी दिवा, त्यापुढे बटर पेपर, मध्ये छर्रा. फोटोत गोळा ४१२ बिंदू रुंद आणि ४५० बिंदू उंच आला. ४५० भागिले ४१२ म्हणजे १.०९२. तयार सॉफ्टवेअरच्या फोटोत तोच गोळा ३६६ रुंद आणि ३७५ उंच. तिथेही तो गोल नव्हताच.

दुसरी साक्ष कॅमेऱ्याकडून घेतली. कॅमेरा ९० अंशांत आडवा केला आणि ताज्या थेंबाचा पुन्हा फोटो काढला. आता दाब उभ्या दिशेने पडणार, म्हणजे चूक उलटी व्हायला पाहिजे. दुरुस्ती न करता कोन आला १५४.१. सरळ कॅमेऱ्यात १४९.८, आडव्यात १५४.१. थेंबाला कॅमेरा फिरवलेला कळत नाही! दोन्हींना छर्ऱ्याचा १.०९२ लावला की दोन्हीकडून १५२ येतात. हे काम दोनएक मिनिटांत उरकायचं, कारण १० मायक्रोलिटरचा थेंब बघता बघता सुकायला लागतो आणि सुकताना त्याचा कोन उतरतो. (१० मायक्रोलिटर कसे मोजले? मेडिकलमध्ये १०० युनिटवाली इन्सुलिनची सिरिंज मिळते, तिच्यावरचा एक युनिट म्हणजे १० मायक्रोलिटर. आपल्याकडे ४० युनिटवालीही मिळते, तिचा एक युनिट २५चा, तेव्हा बघून घ्या.)

मग मी गुणक वहीत लिहून त्याखाली तारीख टाकली, आणि त्यानंतरच जुने सगळे फोटो उघडून पुन्हा मोजले. काही नमुने रेघेच्या वर गेले. साध्या काचेचे आकडे खाली आले. रेघ ओलांडणाऱ्या त्या नमुन्याबद्दल मी आता १५२, अधिक-उणे २ असं लिहिते. एवढ्या मोठ्या कोनांत थेंब टेकतो ती रेषा एक बिंदू वर-खाली धरली तरी आकडा हलतो. म्हणजे तो नमुना रेघेवर उभा आहे, रेघेच्या पार नाही. आधीच्या १४९.८वर मी त्याला बाद केला असता, तीही चूक होती. आणि नुसत्या १५२वर नाचले असते तर तीही.

पळणाऱ्या थेंबासाठी

थेंब घरंगळताना टिपायचा असेल तर आणखी एक गोष्ट. पालचं एक चित्र एकदम टिपलेलं नसतं. आधी एकाआड एक ओळी, मग २० मिलिसेकंदांनी मधल्या ओळी. थेंब सेकंदाला १० सेंटिमीटर वेगाने जात असेल तर तेवढ्यात तो २ मिलिमीटर पुढे गेलेला असतो. फोटोत थेंबाच्या कडेला फणीसारखे दात येतात. मी आधी ते पृष्ठभागाचे खडबडीतपण समजले होते! उपाय सोपा आहे. सम आणि विषम ओळी वेगळ्या करा. प्रत्येक चित्राची २८८ ओळींची दोन चित्रं होतात आणि सेकंदाला २५ऐवजी ५० क्षण मिळतात. उंची निम्मी झाली, हे गुणकात धरायला मात्र विसरू नका.

वेळही चित्रं मोजून ठरवू नका. लॅपटॉप दमला की मधली चित्रं गळतात आणि कुणी सांगत नाही. ड्रायव्हर प्रत्येक चित्रावर वेळेचा शिक्का मारतो, तो वाचा.

जाता जाता

तुमच्याकडेही असा एखादा जुना सूक्ष्मदर्शक किंवा कॅमेरा धूळ खात असेल. बऱ्याच कॉलेजांत असतो. यंत्र भंगारात जातं ते बहुधा कॅमेरा गेला म्हणून नाही, मधलं कार्ड गेलं म्हणून. ते वाचवता येतं. फक्त क्रम पाळा. सिग्नल कुठला ते बघा, चिपचा क्रमांक वाचा, पाल निवडा, उजेडाचे बाइट घ्या, आपोआप उजेड कमी-जास्त करणारी सोय बंद करा. आणि पहिलं मोजमाप करण्याआधी ज्याचा आकार तुम्हाला पक्का माहीत आहे अशा वस्तूचा फोटो काढा. सूक्ष्मदर्शकासाठी मोजपट्टी कोरलेली काच मिळते, पण ती आडवी आणि उभी, दोन्हीकडून ठेवून मोजा. एकाच दिशेने मोजलीत तर माझ्यासारखं होईल.

कॅमेरा आता परत प्रयोगशाळेत आहे, नव्या लॅपटॉपला जोडलेला. त्याच्या स्टँडला मी काड्यापेटीएवढी एक डबी बांधली आहे. तिच्यात छर्रा असतो. रोज सकाळी थेंबाच्या आधी त्याचा फोटो काढायचा हा आता आमचा नियम आहे. परवा एका ज्युनिअरने विचारलं, "ताई, हा रोज गोलच येतोय, मग रोज कशाला?"

म्हटलं, ज्या दिवशी येणार नाही त्या दिवसासाठी.